बोटांची शिडी

भिवापूरच्या ग्रामीण रुग्णालयात
एक्स-रेला लागून जी अडगळीची खोली होती
तोच माझा विभाग.
एक टेबल, शेकाचा एक दिवा, वाळूच्या दोन पिशव्या,
दाराच्या चौकटीला विहिरीवरची जुनी गडगडी.
(पुली मागवली आहे. मंजुरीत आहे.)

देवका बोरकुटे आली ती
उजवा हात डाव्या हातात धरून,
जणू शेजारणीचं लेकरू सांभाळायला घेतलंय.
"चार महिने झाले जी.
झंपरचे हूक पोरगी लावते, केस पोरगी इचरते.
रोटीच नाई होत. बाकी चालते."

रोटी म्हणजे लांब रोटी.
आपटून आपटून ताणायला तयार केलेली कणीक,
मनगटावरून कोपराकडं घरंगळते,
हवेत रुमालाएवढी, मग दुपट्ट्याएवढी होते
आणि पालथ्या मडक्यावर जाऊन पडते.
आसपास कुठंही पंगत असली
की सायकल हिच्याच दारी यायची.

मी कोन मोजला. ऐंशी.
त्यापुढं खांदा आतून कडी लावून बसलेला.
"सांध्याभोवती एक पिशवी असते," मी सुरू केलं.
"आटली का ते?"

आटली. पहिल्या धुण्यातल्या मांजरपाटासारखी.
पाच वर्षं मी हा शब्द शोधत होतो.
पुस्तकातलं नाव ऐकून
अजून कुणाचा हात वर गेलेला नाही.

मग शेक. टॉवेलचे चार पदर, वीस मिनिटं,
रक्त वाट काढत येतं, आकसलेलं थोडं ऐकायला लागतं.
मग करंटच्या मुंग्या.
"हे दुखणं खाते का?"
खात नाही. मुंग्या दाराशी नुसता गलका करतात,
दुखण्याची हाक आत पोचत नाही,
तेवढ्यात आपण काम उरकायचं.
"म्हंजे चोरी."
चोरीच.

वाकून हात सोडून द्यायचा,
गाईच्या गळ्यातल्या लोढण्यासारखा झुलू द्यायचा.
गडगडीचा दोर डाव्यानं ओढायचा,
उजव्यानं निव्वळ मागं मागं जायचं.
आणि शेवटी भिंत.
बोटं कोळ्यासारखी वर चढतात,
थकतात तिथं खडूची रेघ, रेघेशी तारीख.

ज्या दिवशी मी सांधा धरून जरा पुढं नेला
त्या दिवशी तिनं माझा मुडदा काढला.
बाहेरच्या बाकावर
मिरचीच्या सातऱ्यावरून आलेल्या बाया
आपापल्या कमरा धरून हसल्या.
गुडघ्याखाली गुंडाळी घेऊन
मांडी कसत पडलेला कबड्डीचा पोरगाही हसला,
त्याचे आकडे चुकले.

पौषात ती तीन आठवडे आली नाही.
आली तेव्हा बोटं जुन्या रेघेच्या
चार बोटं खाली थांबली.
कारण तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
नवी रेघ ओढली. खडू मोडला.

वैशाखात तिचा निरोप आला, पंगतीला या.
मांडवामागं पाच चुली, पाच मडकी,
धुरात ती उभी, पदर खोचलेला.
कणीक उजव्या हातावर चढली.
एकशे तीस. एकशे चाळीस.
तिथं खांदा क्षणभर अडला,
आणि तिनं कंबरेतून एक हलका झोल दिला,
उरलेले अंश तिथून उसने घेतले.
रोटी पसरत गेली, पलीकडचा दिवा तिच्यातून दिसला.

हा झोल चुकीचा. पुस्तकात त्याला नाव आहे,
तो मोडून काढायचा असतो.
माझ्या पानावर आमरसाला साय धरत होती.

"उद्या या," मी म्हणालो.
"सोमवारी," ती वळून न बघता म्हणाली,
"आज अजून दोन पायल्या हाये."